नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी : तुम्ही खाता का?

मेथीची_पेंडी
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढते.

माझ्या मामांची दीड एकर जमीन सोलापूर शहराच्या खालच्या अंगाला आहे. बांधाला लागून नाला. बारा महिने वाहतो, कारण शहराचं सांडपाणी. मामा त्यावर इंजिन लावून मेथी, पालक, शेपू, चुका काढतात. आपल्याकडे पाऊस जेमतेम, त्यात बारमाही पाणी म्हणजे लॉटरीच. पश्चिमेला जुन्या बॅटऱ्यांचं कसलंसं पत्र्याचं शेड आहे, बाकी तिन्ही बाजूंनी शेतं.

गेल्या रविवारी गेले होते. निघताना मामीनं चार पेंड्या पिशवीत कोंबल्या. घरी येऊन पातेल्यात बुडवल्या तर तळाला काळा मऊ गाळ आणि पाण्यावर तेलकट तवंग. तिसऱ्या पाण्याला स्वच्छ दिसली. भाजी केली, शेंगाकूट घालून, खाल्ली, फर्मास झाली होती. मग रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शिसं, कॅडमियम, क्रोमियम वाचत बसले.

घरात सासूबाईंच्या मूत्रपिंडाचा त्रास आहे, मुलगा चार वर्षांचा. ही भाजी खावी का? धुवून धातू जातात का? आणि मामांना सांगायचं तर काय तोंडानं सांगायचं?

कडक_भाकरी
पयला नंबर आपला.
का बे, रात्री दोनपर्यंत हे वाचून झोप लागते का? आमच्या गल्लीत तीस वर्षं तीच भाजी येते. आम्ही धडधाकट. (दात सोडून.)

पुणे३०
आमच्याकडे जुडी म्हणतात. पेंडी म्हणजे शेंगदाण्याची, म्हशीला घालतात ती ना?

कडक_भाकरी
ती पेंड. अन् तुमच्या पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतनं, इंद्रायणी-पवनेतनं भीमेला, भीमेतनं उजनीत, अन् उजनीतनं आमच्या नळाला. तुम्ही ह्या धाग्यावर जरा खालच्या आवाजात बोला.

पुणे३०
मान्य. बसतो कोपऱ्यात.

पिपेट
माती-पाणी तपासायच्या धंद्यात बावीस वर्षं आहे, म्हणून लिहितो.

ताई, पहिली गोष्ट, तवंग आणि काळा गाळ बघून धातूंचा अंदाज बांधू नका. गाळ काळा होतो तो बहुधा कुजलेल्या घाणीत तयार होणाऱ्या सल्फाइडमुळे. कॅडमियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. नितळ दिसणाऱ्या पाण्यात असू शकतं आणि घाणेरड्या पाण्यात नसूही शकतं.

दुसरं, धुण्याबद्दल. शिसं पिकाच्या मुळातून वर फारसं चढत नाही. भाजीत सापडतं ते बरंचसं पानांवर बसलेली धूळ आणि चिकटलेली माती यातून. ते धुवून बऱ्यापैकी कमी होतं. कॅडमियमचं उलट. ते झाड जस्त समजून आत ओढून घेतं आणि पानांत साठवतं. ते धुवून, उकळून, मिठाच्या पाण्यात ठेवून जात नाही. पालक, लेट्यूस, राजगिरा यांत जास्त. फळभाजीत आणि दाण्यात साधारण पानांपेक्षा कमी, भात मात्र अपवाद.

तिसरं, लोकांना वाटतं सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत सगळं येतं. २०१५ साली सुरू झालेल्या त्या पत्रिकेत १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. त्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम यांना रकानाच नाही. पिकाला काय कमी पडतंय ते कळतं. माणसाला काय जास्त होतंय ते नाही.

वाचनमात्र
+१. हे मला माहीत नव्हतं. आमचं कार्ड लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय.

डॉ_नाडी
सासूबाईंचं वाचलं म्हणून थांबलो.

कॅडमियम शरीरात गेलं की मूत्रपिंडात बसतं आणि निम्मं बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षं लागतात. म्हणजे आयुष्यभराची बेरीज, वजाबाकी जवळपास नाहीच. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या गळायला लागतात, लघवीतून छोटी प्रथिनं जातात, पुढे कॅल्शियम-फॉस्फेट जातं, हाडं ठिसूळ होतात. सुरुवातीला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची नेहमीची रक्तचाचणी) नॉर्मलच येतं, त्यामुळे कळत नाही. जपानात तोयामा भागात खाणीचं कॅडमियम जिन्झू नदीत आलं, नदीचं पाणी भाताला गेलं, आणि बायकांची हाडं खोकल्यानं मोडायला लागली. त्या रोगाचं नावच 'इताई-इताई', आपल्या भाषेत 'आई गं, आई गं'. १९६८ मध्ये तिथल्या सरकारनं कारण कॅडमियमच असल्याचं मान्य केलं. त्यातल्या बहुतेक जणी बरीच बाळंतपणं झालेल्या, उतारवयाच्या. हा योगायोग नाही. अंगात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषतं, आणि आपल्या बायकांत लोह कुणाचं पुरेसं असतं?

पण ताई, सासूबाईंचं मूत्रपिंड मेथीनं बिघडलं असं लगेच धरू नका. आपल्याकडे आधी मधुमेह आणि रक्तदाब शोधायचा. बऱ्याच जणांत तिथेच उत्तर मिळतं. आणि घरात कुणी तंबाखू, विडी? तंबाखूचं पान कॅडमियम भरपूर ओढतं. विडी-सिगरेट ओढणाऱ्याच्या अंगात ते न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट सापडतं.

कडक_भाकरी
सोलापुरात विडीला नाव ठेवू नका डॉक्टर. अर्ध्या पूर्व भागाच्या चुली विड्या वळून पेटल्या आहेत.

रंगारी
आमच्या घरातही. आई विड्या वळायची, वडील टॉवेलच्या कारखान्यात. मी स्वतः अकरा वर्षं सुताच्या रंगकामाला होतो.

सगळे म्हणतात रंगाच्या पाण्यात धातू. असतात, पण सगळ्या रंगांत नाही. काही मोरपंखी-निळ्या छटांच्या रेणूतच तांबं असतं. जुन्या काळी रंग पक्का करायला डायक्रोमेट वापरायचे, ते वाईट. पण आमच्या नाल्यात रोज पोत्यानं जायचं ते मीठ. रिॲक्टिव्ह रंग सुताला चिकटवायला मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट लागतं, आणि काम झालं की ते सगळं पाण्याबरोबर बाहेर. नाल्याकाठची जमीन पांढरी होते ना, चोपण होते (घट्ट, पाणी न मुरणारी), ती मिठानं. लाल-हिरवं पाणी बघून फोटो काढतात. मिठाचा फोटो निघत नाही.

सीनाकाठ
रंगारी अण्णा, बरोबर. आमच्या दोन एकराचं चोपण झालंय, जिप्सम टाकून टाकून थकलो.

एक शंका. कृषी सहाय्यक सांगत होते की आपली काळी जमीन चुनखडीची, सामू ८ च्या पुढं, त्यामुळं जड धातू मातीत बांधले जातात, पिकात येत नाहीत. मग आपण निर्धास्त का?

पिपेट
अर्धं खरं आहे. सामू जास्त असला की शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं मातीच्या कणांना घट्ट धरून बसतात. काळ्या मातीत चिकणमाती भरपूर, चुना भरपूर. आम्लधर्मी जमिनीच्या मानानं आपण नशीबवान. पण दोन मेख आहेत.

एक: आर्सेनिक आणि सहा-संयुजी क्रोमियम हे उलट्या स्वभावाचे. सामू वाढला की ते सुटे होतात.
दोन: रंगारींनी सांगितलेलं मीठ. मिठातलं क्लोराइड कॅडमियमला धरतं आणि मातीच्या पकडीतून सोडवून मुळापाशी नेऊन देतं. म्हणून तेवढ्याच कॅडमियमच्या खारट जमिनीतलं पीक जास्त कॅडमियम उचलतं. नाल्यात धातू थोडा आणि मीठ फार, हीसुद्धा बरी जोडी नाही.

मोरचूद
आयडीवरनं ओळखलंच असेल, डाळिंबवाला, सांगोला तालुका.

तुम्ही शहराचं पाणी शहराचं पाणी करताय. आम्ही तर धातू स्वतः विकत आणून टाकतो. तेल्या (डाळिंबावरचा काळ्या डागांचा रोग) आला की बोर्डो मिश्रण फवारायचं. १ टक्क्याचं म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. मोरचुदात २५ टक्के तांबं. माझी एकरी २०० लिटर, वर्षाला पाच फवारण्या. म्हणजे १० किलो मोरचूद, अडीच किलो तांबं एकराला, हेक्टरी सहा किलोच्या वर. युरोपात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४. त्यांच्या द्राक्षबागांत जवळपास दीडशे वर्षं हेच चालत आलंय, माती तांब्यानं भरली म्हणून मर्यादा आली. आम्ही सोळा वर्षांत त्याच रस्त्याला लागलो. माझ्या बागेत गांडूळ शोधून दाखवा, बक्षीस देतो.

डॉ_नाडी
माणसाच्या दृष्टीनं तांबं त्यातल्या त्यात सौम्य. शरीराला थोडं लागतंही, आणि फळात उतरायच्या आधी झाडच पिवळं पडून बोंब मारतं. कॅडमियमची पंचाईत हीच की झाड हिरवंगार राहतं आणि खाणारा आजारी पडतो.

सीनाकाठ
आणि डीएपी? कुठंतरी वाचलं की खतातूनच कॅडमियम येतं. ऊसवाला माणूस आहे मी, वर्षाला एकरी दोन पोती तरी ठरलेली.

पिपेट
येतं. रॉक फॉस्फेटमध्ये मुळातच असतं, कुठल्या खाणीचं त्यावर कमी-जास्त. युरोपनं २०२२ पासून एक किलो फॉस्फेटमागे ६० मिलिग्रॅम ही हद्द घातली. आता हिशेब करा. ५० किलोच्या डीएपीत फॉस्फेट २३ किलो. खत अगदी त्या हद्दीवरचं धरलं तरी पोत्यात कॅडमियम साधारण १.४ ग्रॅम. एकराची वरची वीतभर माती म्हणजे अंदाजे १० लाख किलो. दोन पोती दर वर्षी, ५० वर्षं टाकली आणि काहीच बाहेर गेलं नाही, तर किलोमागे ०.१४ मिलिग्रॅमची भर. चांगल्या मातीतही मुळात तेवढं असतंच. घाबरण्यासारखं नाही, विसरण्यासारखंही नाही. मी स्वतः डीएपीपेक्षा बेनामी झिंक सल्फेट आणि 'सेंद्रिय' नावानं विकल्या जाणाऱ्या शहरी कचऱ्याच्या खताला जास्त घाबरतो. कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात हद्दी आहेत, किलोला कॅडमियम ५, शिसं १०० मिलिग्रॅम. पोत्यावर चाचणीचा अहवाल मागा. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आज्जीचा_बटवा
इतकं घाबरवू नका हो. रोज सकाळी अनशापोटी कोथिंबिरीचा रस घ्या, अंगातले सगळे जड धातू निघून जातात. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

कडक_भाकरी
ती कोथिंबीर कुठल्या नाल्यावरची?

वाचनमात्र
😂😂 धागा वसूल.

डॉ_नाडी
कोथिंबिरीनं माणसाच्या अंगातले धातू निघतात याला पुरावा नाही. मोठ्या विषबाधेवर औषधं आहेत, ती रुग्णालयात देतात आणि त्यांचेही धोके आहेत. घरच्या घरी 'डिटॉक्स' नको. आणि आज्जी, राग मानू नका, पण बिनापावतीची भस्मं मात्र तपासल्याशिवाय घेऊ नका. शिसं-पाऱ्यानं भरलेल्या पुड्या घेऊन आलेले पेशंट मी पाहिलेत.

आज्जीचा_बटवा
राग नाही. पण कल्हईबद्दल कुणीच बोललं नाही. पूर्वी कथील शुद्ध असायचं, आता कल्हईवाला काय फिरवतो देव जाणे.

पिपेट
हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. कथलात स्वस्तातलं शिसं मिसळतात, आणि त्यात आमटी, चिंच, ताक म्हणजे विरघळायची पूर्ण सोय. कित्येक घरांत शेतापेक्षा जास्त शिसं स्वयंपाकघरातून येत असेल.

मेथीची_पेंडी
बाप रे, किती माहिती. सगळ्यांचे आभार.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती, लाज वाटली म्हणून. मामांच्या घरच्या भाजीचा वाफा वेगळा आहे. विहिरीच्या कडेला, आठ बाय दहाचा. त्याला नाल्याचं पाणी देत नाहीत. मामीनं मला दिलेल्या पेंड्या मात्र मोठ्या रानातल्या होत्या, कारण घरच्या वाफ्यातली मेथी अजून कोवळी होती. वाईट हेतू नव्हता हो तिचा. पण वाफा वेगळा आहे, म्हणजे माहीत आहे ना?

कडक_भाकरी
...

पुणे३०
कोपऱ्यातून बोलतो. हे वाचून घशाशी आलं.

सीनाकाठ
ताई, तुमच्या मामांच्या बाजूनं बोलणारा मी एकटाच असेन, तरी बोलतो. नाल्यावर भाजी हौसेनं कुणी पिकवत नाही. माझा चुलता पिकवतो. स्वच्छ पाण्याचा पाइप कुणी त्याच्या बांधावर आणून दिला नाही. शहरानं घाण खाली सोडायची आणि खालच्यानं पिकवलं की विष पिकवलं म्हणायचं? घरचा वाफा वेगळा ठेवतो तो पण. त्याला कॅडमियम माहीत नाही, घाण कळते एवढंच.

आणि एक विचारतो. विहीर नाल्यापासून किती लांब?

मेथीची_पेंडी
पन्नासेक पावलं.

सीनाकाठ
मग पाणी तेच. मातीतनं गाळून आलंय म्हणून दिसायला बरं. मीठ गाळलं जात नाही.

डॉ_नाडी
नाल्यावरून भांडणं चाललीत, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांनी ओलांडलं, मीसुद्धा. "जुन्या बॅटऱ्यांचं पत्र्याचं शेड." ताई, तिथे नक्की काय चालतं? नुसती दुरुस्ती, की फोडून शिसं वितळवतात? संध्याकाळी धूर दिसतो का?

मेथीची_पेंडी
मामांना फोन केला. रात्री भट्टी लावतात म्हणे, आठवड्यातून दोन-तीनदा. सकाळी पानांवर राखाडी पूड असते, ते शिंपून झाडतात. शेडमधल्या कामगारांची पोरं तिथंच खेळतात.

डॉ_नाडी
मग तुमचा प्रश्न पाण्याचा कमी आणि हवेचा जास्त आहे.

शिशाला सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. मोठा माणूस पोटात गेलेल्या शिशाचा दहावा हिस्सा शोषतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. ते मेंदूवर जातं. मूल आजारी दिसत नाही, अभ्यासात मागं पडतं, चिडचिड करतं, आणि आपण म्हणतो मोबाईलमुळं. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असल्याचा अंदाज होता, आणि उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या हे त्याचं एक मोठं कारण.

तुमच्या मुलाचं नंतर बघू. आधी शेडमधल्या पोरांचं आणि मामांच्या नातवंडांचं रक्त तपासा. साधी चाचणी आहे, 'ब्लड लेड' म्हणून मागायची. तोवर हात धुणं, शेतातली चप्पल घराबाहेर, पोटभर जेवण, दूध, लोह. रिकाम्या पोटी आणि लोह-कॅल्शियम कमी असताना शिसं जास्त शोषलं जातं.

पिपेट
नमुना असा घ्या. एकाच पेंडीचे दोन भाग करा, एक न धुता, एक तीन पाण्यांनी धुवून. वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत. दोघांत शिशाचा फरक पडला तर ते पानावर बसलेलं, नाही पडला तर आतलं. मातीसाठी शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा, माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. जस्ताचा मुलामा असलेली बादली-घमेलं नको. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत मातीतला 'एकूण' धातू आणि 'उपलब्ध' (पिकाला उचलता येईल तेवढा) दोन्ही मागा. पालेभाजीची आंतरराष्ट्रीय हद्द किलोला शिसं ०.३, कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम.

हद्दीच्या आत आलं की नाचू नका. महिन्याला वजनाच्या किलोमागे २५ मायक्रोग्रॅम कॅडमियम एवढी सहनमर्यादा धरतात. १५ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण साडेबारा. हद्दीवरचा पालक ५० ग्रॅम खाल्ला तर १० तिथेच गेले. उरलेल्या दिवसभराच्या जेवणाला अडीच.

मोरचूद
म्हणून म्हणतो शाळू खावा. मंगळवेढ्याचं रान, कोरडवाहू, पेरल्यावर पाणीच नाही, तर नाल्याचं कुठून येणार? दाण्यात धातू तसाही कमी. भाकरी खावा, निर्धास्त ऱ्हावा.

कडक_भाकरी
अखेर माझ्या आयडीला न्याय मिळाला.

पुणे३०
आणि त्यावर शेंगाचटणी. अवांतर : कुणी पुण्याला येणार असेल तर अर्धा किलो आणाल का?

मेथीची_पेंडी
(सात आठवड्यांनी.)

धागा वर काढते. अहवाल आला.

माती : कॅडमियम, शिसं दोन्ही नेहमीच्या पातळीत, फक्त शेडकडच्या कोपऱ्यात शिसं चढं. मेथी : न धुतलेल्या भागात शिसं हद्दीच्या वर, त्याच पेंडीच्या धुतलेल्या भागात हद्दीच्या आत. कॅडमियम दोन्हीत सारखंच, आत आहे पण आहे. विहिरीचं पाणी नाल्याइतकंच खारट, सीनाकाठ दादा म्हणाले तसं. म्हणजे घरच्या वाफ्याचा एवढा सोस केला तो फुकटच. मामींना हे सांगितलं तेव्हा त्या चुलीपुढं बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं विहिरीकडं बघितलं.

नातवंडांपैकी धाकटीच्या रक्तात शिसं जास्त निघालं. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, घर धुवून काढायला, लोह द्यायला आणि दोन-तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलं. शेडवर अर्ज दिलाय, मामांसकट नऊ जणांच्या सह्या आहेत. भट्टी सध्या बंद आहे. सध्या.

सासूबाईंचं डॉ_नाडी म्हणाले तेच. साखर.

शेडकडच्या कोपऱ्यात पालेभाजी बंद. मामा म्हणतात हत्तीगवत लावतो, गिऱ्हाईक आहे.

सीनाकाठ
गवत नको. ते पण पानच. पूड बसली की म्हशीच्या पोटात, थोडं का होईना दुधात. जे खाल्लं जात नाही ते लावा.

पिपेट
अनुमोदन. कापूस किंवा फुलं. उरलेल्या रानात दोडका, भेंडी, वांगी, पालेभाजीपेक्षा बरी. शेणखत भरपूर, सेंद्रिय कर्ब धातूला धरून ठेवतो.

मेथीची_पेंडी
झेंडू ठरला. मामी म्हणाल्या विहिरीकाठच्या वाफ्यातही तोच लावते.

कडक_भाकरी
दसऱ्याला भाव काय लावणार मामी? सोलापूरकरांना सूट पायजे. पुण्याला डबल.

पुणे३०
चटणी आणाल तर तेही मान्य.